बाईसाहेबांची बावन्न मिनिटं

ज्याचा काडीचाही दोष नव्हता अशा माणसाला थोरलीनं गुरुवारी दुपारी चांगली चार मिनिटं फैलावर घेतलं.

दोघी बहिणींतली ही मोठी, म्हणून घरात सगळे तिला थोरलीच म्हणत. शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आवाजाला धार होती आणि समोरच्याला मध्ये बोलू न देण्याची सवयही होती. जुन्या टेपांच्या डीव्हीडी करून देणाऱ्या त्या एवढ्याशा दुकानात ती शिरली, काउंटरवर डीव्हीडी आपटली आणि काउंटरमागे वाकून काहीतरी शोधणाऱ्या एका पाठीवर तिनं तोंडाचा पट्टा सोडला.

“हे काय करून दिलंय? ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो! सुरुवातीला ठीक, मग मागे, मग आणखी मागे... शेवटी तर माझे बाबा पाणी पितायत आणि आवाज बोलतोय! देण्याआधी एकदा बघितलंत तरी का? माझी मूळ टेप द्या मला. मी दुसरीकडे नेते.”

पाठ सरळ झाली. तिशीचा असेल. चष्मा कपाळावर, केस विस्कटलेले, हातात किल्ल्यांचा जुडगा.

“झालं?” तो म्हणाला. “की आणखी आहे? असेल तर मध्ये घोटभर पाणी प्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी या दुकानातला नाहीच हो. मी वरच्या मजल्यावर लग्नाच्या फिल्म एडिट करतो. इथले काका आठवडाभर लेकीकडे गेलेत. मला म्हणाले, कुलूप लाव. ते कुलूपच शोधत होतो मी.”

थोरलीचा चेहरा कानापर्यंत तापला. निघून जायचं तर टेप इथेच. तोवर त्यानंच मागच्या फळीवरून एक पाकीट काढलं, वरची चिठ्ठी वाचली आणि पाकीट हातातच धरून ठेवलं.

“काय लिहिलंय?” तिनं विचारलं.

“...टेप मशीनमध्ये अडकून तुटली म्हणतायत. दोन ठिकाणी.”

ती स्टुलावर बसली. राग कुठल्या कुठे पळाला, आणि या अनोळखी माणसासमोर, ज्याच्यावर आत्ता डाफरली त्याच्यासमोर, ती भडाभडा बोलत सुटली.

आईचा डावा कान केव्हाच गेलेला. उजव्यात जेमतेम वीस टक्के उरलेलं. त्या उजव्या कानात आत काहीतरी वाढलंय, ते काढायलाच हवं, आणि काढताना उरलेलं ऐकणं राहीलच असं डॉक्टर सांगत नाहीत. शनिवारी सकाळी ऑपरेशन. उद्या, शुक्रवारी, संध्याकाळी पाचला दवाखान्यात हजर व्हायचं. आणि तीन आठवड्यांपूर्वी, दवाखान्यासाठी बॅग शोधताना, लोकरीच्या कपड्यांमागे ही टेप सापडली. वर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं — ‘हिच्यासाठी. सावकाश बघणे.’ बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. टेपबद्दल ते कधी एक शब्द बोलले नव्हते.

“शब्द लिहून दिले खाली तर?” त्यानं हळूच विचारलं. “चित्रावर अक्षरं टाकता येतात.”

“शब्द नकोत तिला, आवाज हवाय. एकदाच. आणि नुसत्या आवाजावरून तिला शब्द लागत नाहीत, ती ओठ बघते. थोडं कानानं, थोडं डोळ्यानं, दोन्ही मिळून तिला कळतं. इथे डोळे एक सांगतात, कान दुसरंच.”

एडिटरनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मग तिला वर आपल्या खोलीत नेलं आणि संगणकात डीव्हीडी घातली.

“आवाज सगळीकडे सारखाच मागे असता तर नुसता पुढे सरकवला असता, पाच मिनिटांचं काम. पण हा वाढत जातोय. काकांच्या जुन्या संगणकानं टेप उतरवून घेताना अधूनमधून चित्रं गाळलीयत. आवाज पुरता आहे, चित्रच कमी पडलंय. शेवटी चार सेकंदांचा फरक आहे ना? मग चित्र तेवढं ताणतो.”

दोन तासांत त्यानं ते केलं. सुरुवात लावून दाखवली, जुळली. शेवट दाखवला, तोही जुळला. थोरलीनं डीव्हीडी छातीशी धरली आणि जिना उतरताना मागे वळून बघितलं. तो किल्ल्या वाजवत म्हणाला, “आता तरी ओरडणार नाही ना?” ती हसली. आठवडाभरात पहिल्यांदाच हसली असेल.

आणि संध्याकाळी आई चुकीच्या जागी हसली.

विसावं मिनिट असेल. पडद्यावर बाबा काहीतरी गंभीर बोलत होते, खाली मान घालून, आणि आई खुर्चीत पुढे सरसावून, डोळे ताणून बघत होती, आणि मध्येच छान हसली. हे हसू थोरलीच्या ओळखीचं होतं. पाहुण्यांत बसल्यावर काही कळलं नाही की आई असंच हसायची.

थोरलीनं टीव्ही थांबवला, आईच्या समोर आली. “आई, कळतंय का तुला?”

“हो गं! छान बोलतायत.” आई नेहमीसारखी मोठ्यानं म्हणाली.

“आत्ता काय म्हणाले?”

आईनं पदर नीट केला, खिडकीकडे बघितलं. “आवाज येतोय ना... तेवढं पुरे मला.”

पुरे नव्हतं. थोरली न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ती एडिटरच्या दारात उभी. आज ओरडली नाही. तिनं फक्त सांगितलं, “मधलं जुळत नाही.”

तो पांढराफटक पडला. “मी दोन्ही टोकं बघितली,” तो म्हणाला. “मधलं बघितलंच नाही. चित्रं सारखी गळालीयत असं धरून चाललो... लग्नाच्या फिल्ममध्ये चालतं हो, तिथे बँड वाजत असतो, कोण बघतंय ओठ! गाढव आहे मी.”

“असाल. पण ते नंतर. पाचला दवाखाना. फिल्म बावन्न मिनिटांची. चारच्या आत सुरू झाली नाही तर संपलं. काय करायचं बोला.”

करायचं ते सोपं होतं, पण किचकट. चित्र नेमकं कुठे कुठे गळलं आणि प्रत्येक ठिकाणी किती, हे शोधायचं, आणि तिथे तेवढाच वेळ चित्र थांबवून धरायचं. आवाजाला हातच लावायचा नाही. पण शोधायचं कसं? बाबांच्या मागे दिवा होता, अर्धा चेहरा अंधारात. एडिटरला त्यांचे ओठ हलताना दिसत, पण काय बोलतायत ते काही केल्या लागेना.

“मला लागतं,” थोरली म्हणाली. “आईबरोबर वाढलेय मी. आम्ही दोघी बहिणी शाळेतसुद्धा आवाज न काढता गप्पा मारायचो. आणि हे बघा — ब म्हणताना ओठ मिटतातच, कोणाचेही. बाबा आईला बाईसाहेब म्हणायचे. दर मिनिटाला एकदा तरी.”

त्यानं कपाळावर हात मारला. “मॅडम, तुम्ही काल का नाही सांगितलंत हे?”

“काल तुम्ही मला बोलू कुठे दिलंत?”

“मी? मी!”

मग काम सुरू झालं. खोलीत दोन संगणक, पाठीला पाठ लावून. तिच्यासमोर नुसतं चित्र, आवाज बंद. त्याच्या कानावर हेडफोन, पडदा काळा. तिनं प्रत्येक ‘बाईसाहेब’ची वेळ ओठांवरून लिहायची, त्यानं कानावरून. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून वजाबाकी. फरक जिथे उडी मारेल तिथे चित्र गळलेलं.

पहिल्यांदा थोरलीनं डीव्हीडी पुढे ढकलत नुसता आवाज तपासला होता, काल सगळं लक्ष आईकडे; आज सुरुवातीलाच तिचा हात थांबला. पडद्यावरच्या बाबांना मिशी नव्हती. एका उन्हाळ्यात त्यांनी अचानक मिशी उतरवली होती, घरात सगळे खो खो हसले होते, आणि त्यांनी कारण सांगितलं नव्हतं. आता कळलं. मिशीतून आईला वरचा ओठ दिसत नसे.

आणि बाबा बोलत काय होते? थोरली ओठांवरून वाचत गेली. ते म्हणत होते — बाईसाहेब, तुला कमी ऐकू यायला लागल्यापासून तू ‘काय?’ विचारलंस की मी ‘काही नाही’ म्हणतो. परत सांगायचा कंटाळा, दुसरं काय! गेले महिनाभर मी आठवून आठवून ते सगळे ‘काही नाही’ वहीत लिहिलेत. आज एकेक सांगतो. सोमवारी जेवताना म्हटलं होतं, तुझी नवी साडी तुला शोभते. तू ‘काय?’ म्हणालीस, मी ‘काही नाही’ म्हणालो. धाकटीच्या निकालाच्या दिवशी म्हटलं होतं, हिचं डोकं तुझ्यावर गेलंय, बरं झालं. दूध मीच उतू घालवलं होतं, मांजरानं सांडलं नव्हतं...

पाठीमागे एडिटर फसकन हसला. थोरली थांबवत थांबवत लिहीत होती, ती तीन मिनिटांनी हसली, त्याच दुधाला. पुढे एकदा त्यानं जोरात नाक ओढलं, आणि ती मनात म्हणाली, म्हणजे पुढे काहीतरी आहे... आणि होतंच. पाठ पाठीला लागलेली. त्याचा श्वास अडकला की तिला कळायचं. असं कुणाच्या श्वासावरून काही कळण्याची वेळ तिच्यावर याआधी आली नव्हती, आणि ती मुद्दाम सरळ बसली, आणि परत हळूच टेकली.

साडेअकराला याद्या शेजारी ठेवल्या. तिची त्रेसष्ट. त्याची चौसष्ट.

“एक तुमचं सुटलं,” तो म्हणाला.

“माझं सुटत नाही. तुम्ही एक जास्त ऐकलात.”

“बाईसाहेब कसं जास्त ऐकेन? मॅडम, एक चुकलं की पुढचं सगळंच चुकणार—”

“माहितीय मला! गणित मी शिकवते!” ती किंचाळलीच. घड्याळ दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

त्यानं आपला एक हेडफोन तिच्या कानाला लावला, दुसरा स्वतःच्या, आणि याद्या जिथे फुटत होत्या त्या चौतिसाव्या मिनिटापासून आवाज सोडला. दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. बाबांचा आवाज, सहा वर्षांनी, इतक्या जवळून तिच्या कानात. ‘तुझ्या आईच्या आजारपणात तू रात्री रडत होतीस, मी पाठीला हात लावून काहीतरी बोललो, तू “काय?” म्हणालीस, मी...’ मग नुसता श्वास. मग दबलेला, कापडातून आल्यासारखा — ‘बाईसाहेब.’

“थांब!” ती त्याला एकदम अरेतुरेवर आली. “चित्र लाव ते. टॉवेल आहे! त्यांनी टॉवेलात तोंड घातलंय. मला वाटलं घाम पुसतायत...”

बाबा रडत होते. घरात कुणीच त्यांना रडताना बघितलं नव्हतं. थोरलीनं चौसष्टावा आकडा लिहिला, तो ओला झाला, तिनं परत लिहिला.

“पुसू नकोस,” तो म्हणाला, “वाचता येतोय.” त्याचंही अरेतुरे झालेलं दोघांच्या लक्षात आलं, आणि दोघांनी ते तसंच राहू दिलं.

अकरा ठिकाणी चित्र गळलं होतं. कुठे तीन चित्रं, कुठे सतरा, एका सेकंदाला पंचवीस या हिशेबानं सगळी मिळून शंभर. ती आकडे सांगत गेली, तो चित्र धरत गेला. दीड वाजता फाइल बनायला लावली. सव्वादोनला डीव्हीडी लिहायला घातली. नव्वद टक्के... त्र्याण्णव... शहाण्णव... आणि मशीननं खर्रकन आवाज करून तबकडी बाहेर ओकली.

“गेली?” थोरलीनं विचारलं.

“गेली. दुसरी घालतो. सावकाश लिहायला लावतो, चाळीस मिनिटं घेईल, पण फसणार नाही.”

“नक्की?”

“नक्की म्हटलं तर खोटं होईल.”

चाळीस मिनिटं. दोघं त्या लहानशा लाल दिव्याकडे बघत बसले. चहा आला तो तसाच गार झाला. मध्येच तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

“काय?” ती म्हणाली.

“काही ना—” आणि तो जागच्या जागी थिजला. सकाळपासून बावन्न मिनिटं कानात भरलेला माणूस तो. चष्मा काढून त्यानं डोळे चोळले. “छे. ते म्हणायची सोय राहिली नाही आता.”

“मग सांग.”

“सांगेन. पण आत्ता नाही. आत्ता तू ‘हो’ म्हणालीस तर डीव्हीडीसाठी म्हणालीस असं वाटेल मला, आणि ‘नाही’ म्हणालीस तर... माझा हात स्थिर राहायला हवाय अजून अर्धा तास.”

न्हाणीघरात रडणारी कालची थोरली आणि आत्ताची ही — एकाच माणसाला एका दिवशी किती वाटावं, याला काही मर्यादा? ती लाल दिव्याकडे बघत म्हणाली, “स्थिर ठेव मग.”

तीन वाजून पाच मिनिटांनी तबकडी नीट बाहेर आली. या वेळी दोघांनी टोकं बघितलीच नाहीत. विसावं मिनिट, अठ्ठाविसावं, चौतिसावं, एकेचाळिसावं — ओठ मिटले की आवाज मिटत होता, उघडले की उघडत होता. त्यानं स्कूटर काढली. रस्त्यात खोदकाम, मोठा वळसा. ती मागे बसून एका हातानं डीव्हीडी आणि दुसऱ्यानं त्याचा शर्ट धरून होती. “आणखी जोरात!” ती ओरडत होती आणि तो ओरडत होता, “पडलो तर काय दाखवणार आईला?”

तीन चाळीसला घरात. आई तयार होऊन, बॅग पायाशी ठेवून, खुर्चीत ताठ बसलेली. अनोळखी माणसाकडे तिनं एकदा बघितलं. थोरलीनं समोर येऊन सांगितलं, “यांनी केलंय.” आईनं मान हलवली. थोरलीनं डीव्हीडी घातली. एडिटर दाराजवळ उभा राहिला, आत येईना.

पहिली दहा मिनिटं थोरलीनं टीव्हीकडे बघितलंच नाही. ती आईकडे बघत होती. आई हलत नव्हती. हसली नाही, रडली नाही. नाही कळत का? कान कालच्यापेक्षा खाली गेला का? बॅगेशेजारी फोन वाजला, दवाखान्यातून विचारत होते निघालात का. “निघतोय,” ती कुजबुजली.

आणि मग आई हसली. मोठ्यानं. “मेल्या! मी त्या मांजराला आठवडाभर दूध दिलं नव्हतं!”

थोरलीनं दाराकडे बघितलं. एडिटर भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता.

टॉवेलापाशी आईचा हात उजव्या कानावर गेला. थोरली म्हणणार होती, आई, ओठ दिसत नाहीत, पण त्यांनी तुला हाक मारली. आईनं हातानंच तिला गप्प केलं. “ऐकलं मी,” आई म्हणाली. “ऐकलं.”

बावन्नाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, “एवढंच आठवलं, बाईसाहेब. आणखी आठवलं तर परत सांगेन. आता तू येशील घरी. कॅमेरा लपवतो.” आणि त्यांचा हात मोठा मोठा होत आला, आणि पडदा काळा झाला.

चार पस्तीस झाले होते. थोरली आईच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या, थोरली तर हुंदके देऊन, तोंड आईच्या खांद्यात खुपसून. तिला काही दिसत नव्हतं. तिला फक्त एवढं जाणवलं की आईचा खांदा एकदम स्थिर झाला. आई तिच्या पाठीवरून दाराकडे टक लावून बघत होती. मग खांदा हलायला लागला, आणि तो रडण्यानं नव्हता हलत.

“मला काय विचारतोस?” आई दाराकडे बघून आपल्या त्या दणदणीत आवाजात म्हणाली. “तिला विचार ना! आणि मोठ्यानं विचार, तिला चांगलं ऐकू येतं!”

थोरली गर्रकन वळली. खोलीत तर आवाज झाला नव्हता. एडिटर दारात उभा, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

“काय विचारलंस तू आईला?”

“विचारलं की...” त्यानं चष्मा सावरला. “की तुमची मुलगी मला फार आवडते, तिला सांगू का. नुसत्या ओठांनी विचारलं. म्हटलं, तुला ऐकू जायच्या आधी त्यांना विचारावं.” मग एकदम, एका दमात, “मला आवडतेस तू. काल चार मिनिटं ओरडत होतीस ना, तेव्हा मी मध्ये बोललो नाही, कारण मला तू थांबायला नको होतीस. दवाखान्यात येऊ मी बरोबर? आणि उद्याही? आणि... त्यानंतरही?”

थोरलीनं डोळे पुसले. उत्तर द्यायला तिला एकच शब्द लागला, आणि तो तिनं इतक्या हळू उच्चारला की त्याला एक पाऊल पुढे यावं लागलं.

“काय म्हणाली?” मागून आई ओरडली. थोरलीची पाठ होती तिच्याकडे, ओठ दिसत नव्हते. “अरे, काय म्हणाली ती?”

एडिटर आईसमोर गेला. गुडघ्यांवर बसला, चेहरा उजेडात धरला आणि ओठ नीट दिसतील असे, सावकाश हलवत, मोठ्यानं म्हणाला, “हो म्हणाली!”

“मग बॅग उचल,” आई म्हणाली, “पाच वाजत आले.”